तराजू चौथ्या पायरीवर येतो: दहशतवादविरोधी धोरण, नागरी स्वातंत्र्य आणि निबंधस्पर्धेतला प्रश्न

दहशतवादविरोधी धोरण आणि नागरी स्वातंत्र्य या विषयावर अभ्यासपूर्ण निबंधांच्या स्पर्धा होत असतात. कायद्याची महाविद्यालये, विधी-नियतकालिके, मानवाधिकारांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आणि सुरक्षाविषयक संशोधन केंद्रे त्या भरवतात. विषय बहुधा एकाच वाक्यात दिलेला असतो: दहशतवादाचा मुकाबला करताना राज्याने नागरिकांच्या हक्कांवर किती मर्यादा घालाव्यात? हे वाक्य वाचताक्षणी डोळ्यांसमोर तराजू येतो. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात स्वातंत्र्य आणि मध्ये काटा धरून उभा असलेला निबंधलेखक. मग ‘दोहोंचा समतोल साधला पाहिजे’ असे वाक्य येते आणि खरे तर निबंध तिथेच थांबतो, कारण पुढची सगळी पाने त्या एका वाक्याभोवतीच फिरत राहतात.

समतोल हवा, हे म्हणायला अभ्यास लागत नाही. ते कोणी नाकारतच नाही, त्यामुळे तो निबंधाचा मुद्दाही होऊ शकत नाही. अशा स्पर्धांमध्ये परीक्षकांना हवे असते ते वेगळेच: कोणता अधिकार, कोणाविरुद्ध, किती काळासाठी, कोणाच्या देखरेखीखाली आणि कशाच्या पुराव्यावर, या प्रश्नांची उत्तरे. न्यायालयांनीही गेल्या काही दशकांत या प्रश्नांचा एक क्रम बसवला आहे. त्या क्रमात तराजूला जागा आहे, पण ती सगळ्यात शेवटी आहे, आणि काही बाबतींत तर त्याला अजिबात जागा नाही. हा क्रम समजला की विषय पुष्कळ सोपा होतो, म्हणून तो इथे थोडा सविस्तर मांडतो.

आधी तराजूत काय खोटे आहे ते पाहू. दोन्ही पारड्यांत एकाच माणसाच्या वस्तू आहेत, असे तो भासवतो. ‘आपण’ थोडे स्वातंत्र्य देतो आणि ‘आपल्याला’ थोडी सुरक्षा मिळते, अशी भाषा त्यातून येते. प्रत्यक्षात स्वातंत्र्य जाते ते बहुधा एका लहान गटाचे, आणि सुरक्षा मिळालीच तर ती बाकीच्यांना मिळते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर ब्रिटनने त्याच वर्षी एक कायदा केला. एखाद्या परदेशी नागरिकावर दहशतवादाचा संशय असेल आणि तिकडे छळ होण्याच्या धोक्यामुळे त्याला मायदेशी पाठवता येत नसेल, तर त्याला खटला न चालवता अनिश्चित काळ कोठडीत ठेवण्याची मुभा त्या कायद्याने दिली. त्यासाठी युरोपीय मानवाधिकार करारातील व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ब्रिटनने रीतसर सूट घेतली. त्या हल्ल्यांनंतर अशी सूट घेणारा तो करारातला एकमेव देश होता.

१६ डिसेंबर २००४ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात, या तरतुदीवर निकाल लागला. एरवी पाच न्यायमूर्ती बसत, या प्रकरणात नऊ होते, आणि आठ विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांनी सूट घेणारा आदेश रद्द करून ती तरतूद करारातील हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर केले. देशाला धोका होता की नाही, यावर बहुतेक न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले होते. सरकार हरले ते दुसऱ्या मुद्द्यावर. तसाच धोका काही ब्रिटिश नागरिकांपासूनही होता, पण त्यांना कोठडीत टाकण्याची तरतूद नव्हती. शिवाय कोठडीतला परदेशी माणूस देश सोडायला तयार झाला, तर त्याला फ्रान्ससारख्या शेजारी देशात जाऊ दिले जात होते. माणूस खरोखर इतका धोकादायक असेल तर त्याला जाऊ कसे देता, आणि धोका नागरिकत्व पाहून येत नसेल तर कोठडी नागरिकत्व पाहून कशी, हा न्यायालयाचा सवाल होता. त्यासाठी सुरक्षा आणि स्वातंत्र्य यांतले काय जड आहे हे ठरवण्याची गरजच पडली नाही.

याला न्यायालयीन भाषेत प्रपोर्शनॅलिटीची, म्हणजे प्रमाणशीरपणाची कसोटी म्हणतात. तिची मुळे जर्मन कायद्यात आहेत, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये तिला नेमके रूप दिले आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या खासगीपणाच्या हक्कावरील निकालात तिचा आधार घेतला. तिच्या चार पायऱ्या आहेत. राज्याने योजलेल्या उपायामागचा हेतू रास्त आहे का? तो उपाय आणि तो हेतू यांचा खरोखर काही संबंध आहे का? हेच काम हक्कांना कमी इजा करून होण्यासारखे होते का? आणि या तिन्हींतून उपाय पार पडला, तर शेवटी, होणारी हानी मिळणाऱ्या लाभाच्या मानाने अवाजवी आहे का? तराजू येतो तो या चौथ्या पायरीवर. दहशतवादविरोधी कायद्यांचा हेतू जवळजवळ नेहमीच रास्त असतो, त्यामुळे पहिली पायरी झटकन ओलांडली जाते. खरी लढाई दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर होते, आणि चांगल्या निबंधाची बहुतेक पानेही तिथेच खर्च व्हायला हवीत.

दुसऱ्या पायरीचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये संमत झालेल्या पॅट्रियट कायद्याच्या कलम २१५ चा आधार घेऊन तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने देशातल्या दूरध्वनी संभाषणांच्या नोंदी सरसकट गोळा केल्या. कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला, एवढी माहिती त्यात असे, संभाषण नसे. जून २०१३ मध्ये हे उघड झाल्यावर, पाळतीच्या कार्यक्रमांमुळे पन्नासहून अधिक कट उधळले गेले, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. पुढे खासगीपणा आणि नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाने गोपनीय कागदपत्रे तपासून जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. अमेरिकेला धोका असलेल्या एखाद्या प्रकरणात दूरध्वनी नोंदींच्या या कार्यक्रमामुळे दहशतवादविरोधी तपासाच्या निष्पत्तीत ठोस फरक पडला, असे एकही प्रकरण आपल्याला आढळले नाही, असे त्या मंडळाने म्हटले. त्याच मंडळाने जुलै २०१४ मध्ये, परदेशस्थ व्यक्तींच्या संपर्कांवर पाळत ठेवणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाबद्दल मात्र तो मौल्यवान आणि परिणामकारक असल्याचा निष्कर्ष काढला. हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, असे मी आवर्जून सांगेन. ‘पाळत’ असा एकच शब्द लिहिणारा निबंध दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका पोत्यात कोंबतो. एकीचा उपयोग दिसला, दुसरीचा दिसला नाही, आणि हे कळले ते कोणीतरी कागद तपासले म्हणून.

आता रस्त्यावर येऊ. सप्टेंबर २००३ मध्ये लंडनच्या गोदी भागात शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरले होते आणि त्याविरुद्ध निदर्शने चालू होती. एक विद्यार्थी पाठीवर पिशवी घेऊन सायकलवरून निदर्शनाला निघाला होता. दोन पोलिसांनी त्याला अडवले, पिशवी तपासली आणि निदर्शनाची माहिती असलेले छापील कागद काढून घेतले. यात सुमारे २० मिनिटे गेली. त्याच दिवशी एक महिला पत्रकार छायाचित्रकाराचे जाकीट घालून, हातात कॅमेरा घेऊन तिथे आली होती. तिने पत्रकाराचे ओळखपत्र दाखवले, तरी तिची झडती झाली आणि चित्रीकरण थांबवायला सांगितले गेले. पोलिसांच्या नोंदीत ही झडती पाच मिनिटांची आहे. तिला स्वतःला ती अर्ध्या तासाची वाटली.

दोघांवरही कसलाच संशय नव्हता, आणि कायद्याला त्याची गरजही नव्हती. ब्रिटनच्या २००० च्या दहशतवादविषयक कायद्यातील कलम ४४ नुसार, वरिष्ठ अधिकाऱ्याने एखादा प्रदेश नेमून दिला की तिथे कोणत्याही पोलिसाला संशयाचे कारण न देता झडती घेता येत होती. एका वेळचा आदेश फार तर २८ दिवसांचा. कागदावर ही मोठी काळजी घेतल्यासारखी दिसते. पण फेब्रुवारी २००१ मध्ये कायदा अमलात आल्यापासून लंडन महानगर पोलिसांच्या संपूर्ण हद्दीसाठी हे आदेश एकामागून एक निघतच होते, त्यामुळे २८ दिवसांची मुदत फक्त आदेशाच्या कागदाला होती, लंडनकराला नव्हती. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सरकारच्या बाजूने निकाल दिला. जानेवारी २०१० मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो विचार नाकारला आणि खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचे सांगितले. विमानतळावर होते तशीच ही तपासणी आहे, हा सरकारचा युक्तिवादही त्याने खोडला: विमानाने जायचे की नाही हे प्रवासी ठरवतो, पण रस्त्याने चालणाऱ्याला तशी निवड नसते. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनने कलम ४४ रद्द केले. निबंधलेखकाने दोन्ही निकाल वाचावेत, कारण ज्या मुद्द्यावर दोन जाणती न्यायालये भिन्न मतांवर आली, तिथेच लिहिण्यासारखे काही असते.

मुदतीचा हा प्रश्न झडतीपुरता नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅममधल्या दोन पबमध्ये स्फोट होऊन २१ जण ठार झाले. त्यानंतर आठवडाभरात ब्रिटिश संसदेने जो कायदा संमत केला त्याच्या नावातच ‘तात्पुरत्या तरतुदी’ असे शब्द होते, आणि तो फिरून फिरून नव्याने संमत होत २००० पर्यंत टिकला. त्या स्फोटांसाठी जन्मठेप झालेल्या सहा जणांची शिक्षा १९९१ मध्ये रद्द झाली. तोवर त्यांची सोळा वर्षे गेली होती. भारतातला प्रवास याहून विचारात पाडणारा आहे. १९८५ चा टाडा हा दहशतवादविरोधी कायदा दोन वर्षांच्या मुदतीचा होता आणि वाढत वाढत मे १९९५ मध्ये संपला. २००२ च्या पोटा कायद्यालाही तीन वर्षांची मुदत होती. तो २००४ मध्येच रद्द झाला. त्याच वर्षी त्यातल्या दहशतवादविषयक अनेक तरतुदी १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, घालण्यात आल्या आणि त्यांना मुदत नाही. कठोर कायदा गेला, अशी बातमी झाली, पण मुदतीबरोबर येणारी संसदेतली फेरचर्चाही त्याच्याबरोबर गेली, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा मानण्याची टाडा आणि पोटातली तरतूद यूएपीएमध्ये आली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे.

यूएपीएमधली एक तरतूद जवळून पाहण्यासारखी आहे, ती जामिनाची. एरवीच्या गुन्ह्यात न्यायाधीश पाहतात की आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा नष्ट करेल का. २००८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ४३ड(५) नुसार, दहशतवादी कृत्यांच्या प्रकरणांत न्यायालयाने केस डायरी किंवा आरोपपत्र वाचायचे आणि आरोप प्रथमदर्शनी खरा मानायला वाजवी कारण दिसले, तर जामीन द्यायचाच नाही. केस डायरी आणि आरोपपत्र ही दोन्ही तपास यंत्रणेनेच तयार केलेली असतात. २०१९ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, या टप्प्यावर पुराव्याची खोलात जाऊन छाननी करायची नाही. म्हणजे आरोपीच्या वकिलाला पुराव्यातली भगदाडे दाखवायला खरी संधी मिळते ती खटल्यात, आणि खटला संपेपर्यंत आरोपी तुरुंगात असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे असे एक प्रकरण आले: आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. इतका उशीर होत असेल तर कलम काहीही म्हणो, राज्यघटनेने दिलेल्या जलद खटल्याच्या हक्कासाठी घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे त्यांनी ठरवले. या विषयावर पाच हजार शब्द लिहायचे असतील तर ‘यूएपीए आणि नागरी स्वातंत्र्य’ असा विषय घेऊ नये. २७६ साक्षीदारांपासून सुरुवात करावी आणि उशिरामुळे हक्काची होणारी हानी मोजायची कशी, एवढाच प्रश्न धरावा. अरुंद प्रश्न खोल जातो.

काही ठिकाणी चार पायऱ्यांची चढणच लागू होत नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील चौथे कलम आणीबाणीत अनेक हक्क स्थगित करू देते, पण छळ न होण्याचा हक्क आणि गुलामगिरीत न ठेवले जाण्याचा हक्क त्यातून वगळते. इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९९९ मध्ये सुरक्षा यंत्रणेच्या चौकशीच्या पद्धती, म्हणजे जोरजोरात हिसके देणे, वेदनादायक स्थितीत बांधून ठेवणे, मुद्दाम झोप न देणे, बेकायदा ठरवल्या. बॉम्ब फुटायला आला असताना काय करायचे, हा प्रश्न त्याने टाळला नाही. अशा प्रसंगी एखाद्या अधिकाऱ्याला नंतर आपल्या खटल्यात निरुपायाचा बचाव घेता येईल, पण त्या बचावातून आधीच परवानगीचा नियम तयार करता येणार नाही, असे त्याने सांगितले. जर्मनीच्या घटना न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये याच वाटेने एक पाऊल पुढे टाकले. अपहृत विमान शस्त्र म्हणून वापरले जाणार असेल तर लष्कराला ते पाडता यावे, ही तरतूद त्याने रद्द केली. विमानातल्या निरपराध प्रवाशांना इतरांच्या बचावाचे साधन बनवणे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे ते कारण होते. या निकालाशी मतभेद असू शकतो. पण त्याला उत्तर देताना ‘जमिनीवरचे लोक अधिक आहेत’ एवढेच म्हणून भागत नाही, कारण माणसे मोजायची की नाही हाच तिथला वाद आहे.

इथवर वाचून राज्याची बाजू दुबळी वाटत असेल, तर माझे सांगणे अपुरे राहिले. जगण्याचा हक्क हाही हक्कच आहे आणि तो राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे. सप्टेंबर २००४ मध्ये रशियातील बेसलान गावच्या शाळेत दहशतवाद्यांनी हजाराहून अधिक लोकांना ओलीस धरले. तीनशेहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य मुले होती. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने रशियाला दोन्ही बाजूंनी दोषी धरले. त्या भागात हल्ला होणार असल्याची पुरेशी नेमकी माहिती हाती असून तो रोखण्यासाठी पुरेसे केले नाही, हा एक दोष. आणि ओलीस आत असताना इमारतीवर रणगाड्याच्या तोफा, ग्रेनेड लाँचर आणि आग ओकणारी शस्त्रे चालवली, हा दुसरा. एकाच निकालात राज्याने कमी केले आणि जास्त केले, हे दोन्ही आहे, आणि दोन्ही दोष त्याच मुलांच्या जगण्याच्या हक्काचे आहेत. तिथे तराजूची दोन पारडी कुठे ठेवणार?

व्याख्येबद्दल थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २८ सप्टेंबर २००१ च्या ठराव १३७३ ने सर्व देशांना दहशतवादी कृत्ये गंभीर गुन्हा ठरवण्यास बांधून घेतले, पण दहशतवाद म्हणजे काय हे त्यात सांगितले नाही. त्यामुळे प्रत्येक देशाने आपापली व्याख्या लावली. ब्रिटनच्या कायद्यात मालमत्तेचे गंभीर नुकसान आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत गंभीर व्यत्ययही बसतो. निबंधात ‘दहशतवाद’ हा शब्द प्रथम येतो तिथेच, आपण कोणत्या कायद्याची व्याख्या धरली आहे ते सांगावे.

उरले ते लेखनाचे. परीक्षकांना बहुतेक वेळा लेखकाचे नाव दिसत नाही, त्यामुळे निबंधाने स्वतःच्या बळावर उभे राहायचे असते. मूळ निकाल वाचावा, त्याची बातमी नव्हे; आणि निकालातले अल्पमतही वाचावे, कारण आपल्या मताविरुद्धचा सर्वांत चांगला युक्तिवाद बहुधा तिथे आयता मिळतो. सर्वांत शेवटी, कायद्याची स्थिती कोणत्या तारखेपर्यंतची आहे हे पहिल्याच तळटीपेत लिहावे. या क्षेत्रात कायदे फार लवकर बदलतात: २००४ मध्ये हरलेल्या ब्रिटिश तरतुदीच्या जागी २००५ मध्ये नवी नियंत्रणे आली आणि २०११ मध्ये तीही बदलली; अमेरिकेचे कलम २१५ मार्च २०२० मध्ये मुदत संपून गेले. तारीख लिहितानाही एक गोष्ट तपासावी. कायदा संपला तरी त्याखालचे खटले चालू राहू शकतात, तशी तरतूद बहुधा त्या कायद्यातच असते. टाडा मे १९९५ मध्ये संपला, आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्याच्या दुसऱ्या भागात टाडा न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवले ते जून २०१७ मध्ये.